अगदी हातानं लिहिल्यासारखं

परवा घरी एक खोकं आलं. आत किसणी होती. किसणी एकशे नव्वद रुपयांची, पण खोकं एवढं मोठं की सोबत गाजरंही पाठवली असावीत अशी आशा वाटावी. किसणीला टेकवून एक जाडसर कार्ड ठेवलेलं. त्यावर तिरक्या, सुटसुटीत, किंचित घाईतल्या अक्षरांत मजकूर होता: ‘हाय! ही वस्तू आम्ही खास तुमच्यासाठी, अगदी मनापासून पॅक केली आहे.’ शेवटी एक बदाम. सही नाही. इतक्या मनापासून लिहिणाऱ्या माणसाला सही करायला काय झालं होतं, कोण जाणे.

किसणी आली होती मानकोलीच्या एका गोदामातून आणि मी राहतो भिवंडीत. रिक्षानं अर्ध्या तासाचं अंतर. अंजूरफाट्याला गाड्या तुंबल्या असतील तर मात्र वस्तू परदेशातून मागवलेली बरी. म्हणजे मनापासून लिहिणारा हा माणूस जवळजवळ शेजारीच. मला भरून आलं. मग मी खोकं उलटं केलं. बाहेरच्या अंगाला काळ्या मार्करनं दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर होतं: ‘३ माळा. लिफ्ट नाय. बेल बंद. हाक मारा.’

एकाच खोक्याला आतून एक अक्षर, बाहेरून एक. आतलं लाघवी, बाहेरचं वैतागलेलं. आतल्या अक्षराला कुठल्याच हाताचा स्पर्श नव्हता. ती कार्डं ढिगानं छापलेली. बाहेरचं अक्षर ज्यानं लिहिलं त्याला हात तर होताच, शिवाय दोन पायही होते आणि ते तीन माळे चढून आले होते. माझं मत विचाराल तर बदाम बाहेर हवा होता.

हे मी घरात बोलून दाखवणार, तेवढ्यात आमच्या भाचीनं ते कार्ड उचललं. तिचं लग्न ठरलंय. तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू हळदीच्या दिवशी कशी दिसेल, याच नजरेनं ती बघते. “मामा, पत्रिकेला असंच अक्षर हवं! अगदी हातानं लिहिल्यासारखं!”

“मग हातानंच लिहू की,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे. ती पहिलीत असताना तिच्या वह्यांवर नाव मीच घातलं होतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बाई तिला भलत्याच नावानं हाक मारत होत्या.

माझ्या अक्षराचा इतिहास फार मोठा नाही. आमचे गुरुजी माझी वही उंच धरून वर्गाला विचारायचे, “ही कोंबडी कोणाची?” मी तेव्हा राहायला कोंबडपाड्यात होतो. हा निव्वळ योगायोग, पण वर्गानं तो तसा कधी मानला नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं अक्षर मात्र असं की त्याचा निबंध तपासण्याआधीच त्याला सात गुण मिळायचे. गुरुजी त्याच्या वहीवरून हात फिरवत आणि मराठी शाळेतली सर्वोच्च पदवी त्याला बहाल करत: “वा! अगदी छापल्यासारखं!”

छापल्यासारखं. यापुढची शाबासकी नव्हतीच. कित्ता गिरवायचा तो हातातला माणूस घालवून छापखाना आणण्यासाठी. ही हौस काही इंग्रजांनी आणलेली नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर आहे. त्यात समर्थांनी अक्षरांमधलं अंतर, ओळींमधलं अंतर, काना-मात्रांची ठेवण, कडेनं सोडायची कोरी जागा असं सगळं बारकाव्यानं सांगून ठेवलंय. वर अट अशी की अख्खा ग्रंथ एकाच लेखणीच्या एकाच बैठकीतला वाटला पाहिजे. आजच्या कुठल्याही फॉन्टवाल्याला हा समास कंत्राट म्हणून जसाच्या तसा देता येईल. आमच्या गावात मराठीइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, उर्दू वाचणारे. त्यांची वर्तमानपत्रं तर कित्येक वर्षं खरोखरच हातानं लिहिलेली असायची. नस्तालिक लिपी शिशाच्या खिळ्यांत बसायलाच तयार नव्हती, म्हणून कातिब नावाचे कारागीर रोज संध्याकाळी अख्खा अंक बसून लिहून काढत आणि मग तो छापला जाई. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या अक्षरांवरून नूरी नस्तालिक संगणकावर आली, तेव्हा कुठं कातिबांची बोटं मोकळी झाली. जरा जास्तच मोकळी झाली. या कातिबांची कसोटीही तीच: सकाळचा ‘अलिफ’ आणि मध्यरात्रीचा ‘अलिफ’ सारखा दिसला पाहिजे.

म्हणजे बघा. शेकडो वर्षं हातानं छापल्यासारखं लिहायची खटपट केली. ते एकदाचं जमलं, यंत्रं आली, सगळं खरोखरच छापलेलं मिळू लागलं, आणि आता आमची भाची म्हणते हातानं लिहिल्यासारखं छापा.

भिवंडीच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. हे यंत्रमागाचं गाव. ज्याला हातमागाचं वाटेल असं कापड यंत्रमागावर कसं काढायचं, हे इथं नव्यानं शिकवावं लागत नाही. मुद्दाम जाड-बारीक कातलेलं स्लब सूत घ्यायचं, म्हणजे कापडावर अधूनमधून गाठी उमटतात आणि ते खेड्यातल्या कुणा म्हातारीनं मागावर बसून विणल्यासारखं दिसतं. गाठ जितकी नियमानं येते तितकी म्हातारी खोटी. यंत्रमागानं हातमागाचं पोट मारू नये म्हणून १९८५ साली कायदा करून कापडाचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले गेले. हस्ताक्षरासाठी असा कायदा करावा हे कुणाला सुचलं नाही. तसा तो असता तर ‘मनापासून’ हा शब्द नुसत्या यंत्रानं छापायला बंदी झाली असती आणि मानकोली, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर इथल्या पत्र्याच्या शेडांत रॅकवर रचून ठेवलेली निम्मी आपुलकी जप्त करावी लागली असती.

भाचीचा मामा म्हटल्यावर पत्रिकेचं काम माझ्याकडेच आलं. मी धामणकर नाक्याच्या बाजूला एका डीटीपीवाल्याकडे गेलो. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं की ऑपरेटरला खुर्ची भिंतीला लावावी लागते. ऑपरेटर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. एका हातात माऊस, दुसऱ्या हातात वडापाव, आणि कुठल्या हातानं काय करायचं यात त्याची कधी गल्लत होत नाही.

“हातानं लिहिल्यासारखं अक्षर पाहिजे,” मी म्हटलं.

“हॅण्डरायटिंग फॉन्ट. इंग्लिशमध्ये पाहिजे की मराठीत?”

“मराठीत.”

त्यानं वडापाव खाली ठेवला. त्यावरून प्रकरण गंभीर असल्याचं मला कळलं.

इंग्रजीचं सोपं असतं. सव्वीस मोठी, सव्वीस लहान, दहा आकडे, चार स्वल्पविराम; कुणीही उठावं, चौकटींचा कागद भरावा, तो संगणकाला खाऊ घालावा आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच्या नावाचा फॉन्ट मिरवावा. त्यांच्याकडे घाईतल्या अक्षरांचे फॉन्ट पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवतात. त्यातला जगात सर्वांत गाजलेला, म्हणजे सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला, कॉमिक सान्स. मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कोनेर यांनी १९९४ साली तो काढला, आणि तोही एका कुत्र्यासाठी. नवशिक्यांसाठीच्या एका प्रोग्रॅममध्ये कार्टूनमधला कुत्रा बोलून मदत करायचा, पण त्याचं बोलणं टाइम्स न्यू रोमनमध्ये उमटायचं. कुत्र्यानं वकिलासारखं बोलावं हे कोनेरना पटेना. कुत्र्याच्या कामाला तो फॉन्ट वेळेत पोचला नाही, पण बाकी सगळीकडे पोचला: केकच्या दुकानात, शाळेच्या सूचनाफलकावर आणि शेवटी ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत, जिथं हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा करताना एका ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पडद्यावर सगळी आकडेमोड कॉमिक सान्समध्ये दाखवली. विश्वाला वस्तुमान कुठून मिळतं हा प्रश्न अर्धा दिवस बाजूला पडला आणि लोक फॉन्टवरून भांडत बसले. मला त्या बाईंचं कौतुक वाटतं. ज्याच्याकडे खरोखर सांगण्यासारखं काही आहे त्यानं ते कुत्र्याच्या अक्षरात सांगितलं तरी चालतं.

मराठीत मात्र अक्षरांनी आपलं खटलं एवढं मोठं मांडून ठेवलंय की ते सांभाळता सांभाळता बेफिकीर दिसणं हेच मुळी कष्टाचं काम. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, वर जोडाक्षरं. ‘लक्ष्म्या’ लिहायचं म्हटलं तर फॉन्ट बनवणाऱ्याला आधी तीन ठिकाणी गाठी माराव्या लागतात. कलम नावाचा एक फॉन्ट आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ साली काढलेला, गूगलवर फुकट मिळणारा. रेखाटन लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांचं. (आईवडिलांनी नाव लिपी ठेवल्यावर मुलीनं बँकेत नोकरी करावी हे तसं अवघडच.) बॉलपेनानं झरझर लिहिल्यासारखी तिरपी अक्षरं, गाठीच्या जागी पेन भराभर वळवल्यासारखी भरीव वेटोळी, आणि लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं. दिसायला असं की कुणीतरी फोन कानाला लावून खरेदीची यादी लिहितंय. आणि या एका बेफिकीर हस्ताक्षरासाठी हजाराच्या वर आकृत्या एकेक करून रेखाटलेल्या. इतक्या काळजीनं बेफिकीर राहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. फक्त फोटो काढून घेताना लोक तसे उभे राहतात.

“हे बघा,” ऑपरेटर म्हणाला आणि त्यानं फॉन्टांची यादी उघडली. त्याच्याकडचे जुने, पुण्याच्या श्री-लिपीतले फॉन्ट नावानं ओळखले जात नाहीत. श्री-देव-०७१४ वगैरे, कैद्यांसारखे नंबर. पण त्याला ते माणसांसारखे ठाऊक होते. “हा बारशाला चालतो. हा उद्घाटनाला. हा दहाव्याला, याच्यात लग्न छापायचं नाय, मागं एकांनी छापलेलं, दोन महिन्यांत पोरगी परत आली.” यावर माझा विश्वास नाही, पण मी त्या नंबरकडे परत पाहिलं नाही.

मजकूर मी व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो त्यानं त्याच्या जुन्या कोरेलमध्ये ओतला आणि ‘आशीर्वाद’मधला रफार उडी मारून पलीकडच्या अक्षरावर जाऊन बसला. ‘शुभाशीर्वाद’ची अवस्था तर मारामारीतून सोडवून आणल्यासारखी झाली. जुन्या फॉन्टांना नव्या युनिकोडची भाषा कळत नाही. मधल्या काळात एका प्रकारातून दुसऱ्यात उलथलेल्या मजकुरांत ‘मार्केट’चं ‘माकेर्ट’ आणि ‘हार्दिक’चं ‘हादिर्क’ झालेलं आपण सगळ्यांनी वाचलंय, आणि आता आपल्याला ते चुकल्यासारखं वाटेनासं झालंय. मी म्हटलं, “हाताच्या अक्षरातही लोक ‘आर्शीवाद’च लिहितात. असू दे, खरं वाटेल.” तो हसला नाही. व्यवसायात मस्करी चालत नाही.

त्यानं दोन नमुने काढून दिले आणि मी ते घरी आईच्या मोबाईलवर पाठवले. पत्रिकेत पहिलीच ओळ होती, ‘आमची लाडकी लेक’. दहा मिनिटांत आईचा फोन.

“हे पहिलं कोणी लिहिलंय? चांगलंय अक्षर. पण मुलगी मराठी शाळेतली नाही.”

“मुलगी?”

“ल बघ तिचा.”

मी पाहिलं. खरंच, ल दंडाचा होता, हिंदी वळणाचा. आपला ल पाकळ्यांचा; आपला श देठाचा. २००९ साली राज्य सरकारनं शासन निर्णय काढून मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिली. बऱ्याच फॉन्टांमध्ये मराठी ल असतो, पण तो आतल्या खोलीत बसलेला असतो. भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. हे सगळं ना ऑपरेटरच्या लक्षात आलं, ना माझ्या. चष्मा न लावता मोबाईल हातभर लांब धरणाऱ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला आलं. तिला ‘बघायला’ आले होते तेव्हा पोहे देऊन झाल्यावर तिला एका कागदावर स्वतःचं नाव लिहायला सांगितलं होतं. पोह्यांबद्दल कुणी काही बोललं नाही, अक्षरावर होकार आला. तेव्हापासून अक्षर म्हणजे माणूस, आणि त्यातून दिसतं ते वळण, ही तिची पक्की समजूत.

“आणि दुसरं?” मी विचारलं.

“दुसरं छान आहे. मोकळं आहे, पण उथळ नाही. घाईत लिहिलंय तरी पाय मोडलेले नाहीत. कोण ही?”

“कलम,” मी म्हटलं. घाई झाली.

“कलम? असंही ठेवतात हल्ली नाव. कुठली?”

“अहमदाबादची.”

थोडी शांतता. मग हळूच, “लग्न झालंय का तिचं?”

आमचा धाकटा पुतण्या अजून तसाच आहे. दोन वर्षं स्थळं बघणं चाललंय. मी फॉन्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे मुलगी नाहीच?” इतकं निराश झालेलं मी तिला फार दिवसांनी ऐकलं. फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक सांगितलं: “तरीच म्हटलं. ‘लाडकी’तला क आणि ‘लेक’मधला क अगदी एकासारखा एक. माणसाचा दुसरा क जरा दमतो.”

हस्ताक्षराचा फॉन्ट पकडायची याहून सोपी रीत मला अजून कुणी सांगितलेली नाही. दोन क शोधायचे. काही वस्ताद फॉन्टवाले यावर तोड म्हणून एकेका अक्षराची दोन-तीन रूपं आत ठेवतात आणि ती आलटून पालटून पुढं करतात. तरी चौथ्या क ला पहिला परत येतोच. खऱ्या माणसाचा पहिला क परत कधी येत नाही. माझा तर दुसरा क पुष्कळदा फ असतो.

खरं तर घाईच्या अक्षराची आपल्याकडे रीतसर अख्खी लिपीच होती. देवनागरीत आपण आधी शब्द लिहितो आणि मग त्यावर रेघ टाकतो, घर बांधून झाल्यावर पत्रे घालावेत तशी. मोडीत उलटं: आधी पानभर रेघा आखायच्या आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं त्यांना लटकवत जायची, लेखणी होता होईतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ नाही. माझ्यासारख्यासाठी स्वर्ग. पण शाळांतून ती गेली त्याला आता सत्तरेक वर्षं होतील. इथं गोदामांमुळे जमिनींना भाव आल्यापासून ट्रंकांच्या तळाशी गेलेले मोडी कागद वर यायला लागलेत, आणि पणजोबांनी घाईघाईत लिहिलेल्या चार ओळी वाचायला आता तज्ज्ञ बोलवावा लागतो. तोही घाई करत नाही.

तर कलम ठरलं. भाचीला ते लाइटमध्ये हवं होतं, सगळंच्या सगळं. क्रीम रंगाच्या कागदावर सोनेरी शाईत, कोळ्याच्या धाग्यासारखी अक्षरं. ऑपरेटरनं छापून हातात दिलं. कागद फार सुंदर दिसत होता. कोराच दिसत होता.

“काका, नाव लाइटमध्ये ठेवा, चालंल,” तो म्हणाला. “पण तारीख, टाइम आणि पत्ता बोल्ड. नायतर पाहुणे दुसऱ्याच्या हळदीत जाऊन जेवतील.”

यात अतिशयोक्ती नव्हती. नवरा मुलगा काल्हेरचा, आगरी. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नाच्या अंगणातला छोटा विधी नव्हे. लग्न हा हळदीच्या दुसऱ्या दिवशी उरकायचा विधी. मे महिन्यातल्या एका रात्री एकाच रस्त्यावर चार मांडव, चार डीजे आणि चारही ठिकाणी मटण. धवलारीण धवले गात असते ते शेजारच्या डीजेच्या तालावर आहेत असं वाटायला लागतं. मागं आम्ही सहकुटुंब एका हळदीला जाऊन, हळद लावून, जेवून, पाकीट देऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी कळलं की आमचे ते पुढच्या मांडवात होते. पाकिटावरचं नाव मी माझ्या हातानं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते कुणाकडून आलं हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

हलक्या हस्ताक्षराचा उपयोग कुठं आणि कुठं नाही, याबद्दल त्या पोरानं मला जे पाऊण तासात शिकवलं ते कुठल्या कलाशाळेत शिकवत असतील असं वाटत नाही. मेनूकार्डाला चालतं, पण पदार्थाला. किमतीला नाही, किमतीत हात थरथरल्यासारखा दिसतो. लहान मुलांच्या पुस्तकाला उत्तम. लोणच्याच्या लेबलावर ‘आजीच्या हातचं’ हे लाइटमध्येच पाहिजे, बोल्डमध्ये आजी पैलवान वाटते. पण हप्ता थकल्याची नोटीस कधी या अक्षरात काढू नये. एका पतपेढीनं म्हणे काढली होती, तर लोकांना वाटलं साहेब सहज चौकशी करतायत.

मी विचारलं, “आणि फ्लेक्सला?”

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा नमुना लटकत होता. ‘भावी’ हा शब्द एवढा जाड की त्याच्या आतल्या पोकळीत दोन कार्यकर्त्यांचे फोटो बसवलेले. बाहेरून पिवळी कड, कडेला लाल सावली, सावलीला पांढरी कड. “भाऊंचं नाव लाइटमध्ये लिहिलं ना काका, तर माझ्याच दुकानाची लाइट जाईल.”

पाट्या रंगवणारे पेंटर होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाच्या हाताला एकच वजन असायचं, पोटापुरतं. आमच्या लहानपणी नाक्यावर एक पेंटर होता. तो मराठी, उर्दू, गुजराती आणि पद्मानगरातल्या विणकरांसाठी तेलुगू अशा चार लिप्यांत पाट्या लिहायचा. त्यातल्या दोन त्याला वाचता येत नव्हत्या. कुठल्या दोन, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि वर मोठ्या शहरात कमल शेडगे यांच्यासारखे लोक नाटकांची नावं अशी काढायचे की जाहिरातीतल्या अक्षरांची मान पाहूनच कळावं, रडायचंय की हसायचंय. शेडगे २०२० साली गेले. आता मुंबईच्या लोकलमार्गावरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन नावाचा फॉन्टही मिळतो. भिवंडी रोड स्टेशनवर बसून मी पाटी आणि फॉन्ट ताडून पाहिलाय. तिथं गाडी येईपर्यंत एवढा अभ्यास निवांत होतो. पाट्या मराठीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात हा नियम २०२२ साली आला, २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिने दिले, आणि इथल्या डीटीपीवाल्यांची दिवाळी झाली. पेंटर उरले असते तर त्यांचीही झाली असती.

दुकानातून निघालो आणि मग मला गावभर नुसती हातानं लिहिलेली अक्षरंच दिसायला लागली. खरीखुरी. ‘येथे थुंकू नये.’ ‘उधार मागून लाजवू नका.’ ‘गाडी लावल्यास हवा काढली जाईल.’ ‘कांडीवाला पाहिजे, दारू पिणाऱ्यांनी येऊ नये.’ कारखान्याच्या दारात ताक्यांची थप्पी, प्रत्येकाच्या टोकाला मेहताजीनं मार्करनं घातलेले मीटर, आणि त्यातला एक आकडा पाच की सहा यावरून चाललेला आरडाओरडा. घरी येऊन फडताळ उघडलं तर डब्यावर बायकोच्या अक्षरात पट्टी: ‘साखर नाही!! मीठ!!’ त्यातलं दुसरं उद्गारचिन्ह माझ्यासाठी. अख्ख्या गावात हातानं लिहिलेलं एकही अक्षर मला ‘हाय’ म्हणालं नाही. ज्याला खरोखर हातानं लिहावं लागतं तो कशावर तरी चिडलेलाच असतो. प्रेमाचं सगळं छापील.

आठवड्यानं पत्रिका तयार झाल्याचा फोन आला. मी गेलो, तर काऊंटरवर खोकं बांधून तयार. वरची एक पत्रिका त्यानं उघडून दाखवली. ‘आमची लाडकी लेक’, लाइटमध्ये, पाकळीच्या ल सकट. पत्ता बोल्ड. खाली ‘मनापासून आग्रहाचं आमंत्रण’. फारच छान झाली होती. मी खोकं उचललं आणि बाजू फिरवली. त्यावर ठसठशीत काळ्या मार्करनं, वडापावच्या तेलाच्या एका ठिपक्यासह, त्याच्या स्वतःच्या हाताचं अक्षर होतं:

‘मामा हळद २०० नग. बाकी ६५०.’

मी पैसे दिले. त्यानं मोजले, गल्ल्यात टाकले, दातांनी मार्करचं टोपण काढलं आणि ‘बाकी’वर एक रेघ मारली. शिरोरेषाच, जरा खाली घसरलेली.